या बारीला तू बोलणार होतास

सुखदेव,

तुला पोचवून आलो त्या दिवशी मी दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला घालून घरी आलो. डावी मोठी, उजवी त्याहून मोठी. आमच्या मस्तगडाच्या गल्लीपर्यंत फटक फटक करत चालत होतो. ओळखीचे लोक दिसले की मान खाली घालायचे. मला वाटलं, माझ्या दुःखाची अदब राखून राहिलेत. घरात पाऊल टाकलं तर आई म्हणाली, "ह्या कुणाच्या उचलून आणल्यास रे?" तेव्हा कळलं, सगळे माझ्या पायांकडे बघत होते.

आणि मी लगेच मनात गोष्ट रचायला घेतली. उद्या स्टाफरूममध्ये तुला कशी सांगायची, कुठं थांबायचं, आईचा आवाज कसा काढायचा. चांगली अर्धी रचून झाली तेव्हा लक्षात आलं की ऐकणाराच उरला नाही.

तू कशानं गेलास, कधी गेलास, मागं कोण कोण, ते कॉलेजच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय. अक्षर बरं आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. माझी अडचण वेगळीच आहे. उद्या नगरपालिकेत बैठक आहे. तलावाच्या काठची उरलेली पाणथळ कचऱ्यानं भरायची की राहू द्यायची, हे उद्या ठरायचंय. या बारीला तू बोलणार होतास. आता मला बोलायला सांगितलंय. मागच्या बारीला मी बोललो होतो तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि हसून हसून डोळे पुसणाऱ्या सगळ्या सभासदांनाही माहीत आहे.

आपली सुरुवातच मुळात भिंतीमुळं झाली. इकडं माझी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, तिकडं तुझी प्राणिशास्त्राची, आणि मधली भिंत अशी की मी इकडं अमोनियाची बाटली उघडली की तिकडं तुझ्या मुलांच्या डोळ्यांतून धारा. पहिल्या वर्षी तू भांडायलाच आलास. "सर, माझे बेडूक तुमच्या आधी मारू नका, मला ते परीक्षेला लागतेत." मी म्हणालो, बसा, चहा घ्या. तेव्हापासून 'सर' गेलं आणि अरे-तुरे आलं.

बहात्तरच्या दुष्काळात तलाव तळापर्यंत आटला होता. पुढं पाणी आलं तेव्हा तू म्हणालास, "चल, बघू तरी, काय काय परत येऊन राह्यलं." मला वाटलं, रविवारची हवा खाऊन येऊ. तू आणलीस दुर्बीण, मी आणला चिवडा. तू लांब पायांच्या शेकाट्या मोजत होतास, चक्रवाकांची जोडी दाखवत होतास, आणि मी पाणकणसाच्या उंच गवतात शिरून एका म्हशीला दचकवलं. म्हशीनं मला दचकवलं, असं तू सगळ्यांना सांगायचास. खरं तेच होतं.

मग हळूहळू ते काम झालं. काम म्हणजे काय, कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी पैसे देणारंही नव्हतं. गावातला मोठा नाला येतो, त्यात घराघरांतलं सांडपाणी, तेलाच्या घाण्यांचं पाणी, कातडं कमावायच्या कारखान्याचं पाणी. तो सगळा काळा लोंढा आधी पाणथळीत शिरतो, पाणकणीस आणि लव्हाळ्यातून सावकाश पसरतो, आणि पलीकडं तलावाला मिळतो. त्या पलीकडच्या काठालाच तुमची वस्ती आणि वस्तीची विहीर. तुझा प्रश्न एवढाच होता: इकडून शिरतं ते पाणी आणि तिकडं विहिरीत झिरपतं ते पाणी, यांत फरक पडतो का, पडतो तर कशानं पडतो. जीव तू बघायचे, क्षार मी बघायचे.

विहीर तिथं का, हे मी एकदा अगदी भोळेपणानं विचारलं होतं. पाणथळीला लागून कुणी विहीर खणतं का म्हणून. तू काठावर बसून पायातला काटा काढत होतास. म्हणालास, "घाटावर आमच्या आज्याला पाय ठेवू देत न्हव्हते. मंग कुठं खणतील? जी जागा कुणालाच नको होती तिथं खणली." आणि मग मला कसंनुसं झालेलं बघून हसलास. "तोंड कशाला पाडतो? घाटावरचं न गाळलेलं पाणी तुमचं, गाळलेलं आमचं. फायद्यात कोण राह्यलं, तूच सांग."

गाळलेलं, हा शब्द तू मुद्दाम माझ्यासाठी वापरलास. आमच्या जैनांच्या घरात पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय ओठाला लागत नाही, हे तुला माहीत होतं. फडक्यावर जे सूक्ष्म जीव राहतात ते फेकायचे नसतात, ज्या पाण्यातले त्याच पाण्यात नेऊन हलकेच सोडायचे असतात, हेही मीच तुला सांगितलं होतं. तुला ते फार आवडलं होतं. दोन दिवस सगळ्यांना सांगत होतास.

आणि त्यातूनच माझं ते प्रसिद्ध संशोधन झालं.

तू भोकरदनकडं, केदारखेड्याला सासुरवाडीला गेला होतास. नाल्याच्या तोंडापासून विहिरीपर्यंत ठिकठिकाणचं पाणी मी बाटल्यांत भरून घेतलं. रविवार, कॉलेजला कुलूप. मी बाटल्या घरी आणून ओसरीवर ओळीनं मांडल्या आणि आईला बजावलं, हात लावू नकोस, तलावाचं पाणी आहे. सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. काहीच नाही. दुसऱ्या बाटलीतला ठेवला. काहीच नाही. पाणी स्वच्छ, नितळ, आणि मेलेलं. एक जीव हलत नव्हता.  नाल्यानं तलाव मारला! मी तुझी वाटही बघितली नाही. प्राचार्यांच्या खोलीत गेलो, त्यांना खिडकीशी उभं करून बाटली उजेडात धरली आणि असं काही बोललो की त्यांनी स्वतःच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास लांब सरकवला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावात झालं, तलावात जीव उरला नाही.

तू परत आलास, बाटल्या बघितल्यास आणि एकच विचारलंस. "नाल्याच्या तोंडचं पाणी इतकं नितळ कसं?"

मग दोघं घरी गेलो. आई तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, आई, त्या बाटल्यांना कुणी हात लावला होता का? ती म्हणाली, "हात कशाला लावीन? गाळलं फक्त. अरे, त्यात जीव वळवळत होते, बेटा. बाटलीचं तोंड बंद केलेलं. गुदमरून मेले असते ना रात्रीत."

"मग ते जीव?"

"सोडून आले तलावात. तूच म्हणालास ना, तलावाचं पाणी आहे. गुडघे दुखतात माझे, तरी गेले."

तू आधी भिंतीला टेकलास. मग खाली बसलास. मग तुझ्या तोंडून आवाजच येईना, नुसते खांदे हलत होते. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो आणि आई विचारत होती, याला काय झालं, पाणी आणू का? डोळे पुसून तू तिला म्हणालास, "आई, तुम्ही बिलकुल बराबर केलं. चूक आमची हाय. आम्ही कोंडून ठेवले त्यांना." आणि मग, जिज्ञासू विद्यार्थी विचारतो तसं, "फडकं किती पदरी घेता तुम्ही?"

त्या दिवसापासून तुझ्या सगळ्या सिद्धान्ताला तू आईचं फडकंच म्हणायला लागलास. पाणकणीस म्हणजे तलावाचं फडकं. फडकं फाडलं की पाणी तसंच्या तसं विहिरीत. एवढं सोपं करून सांगणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नव्हता. मला मात्र ते पटत नव्हतं. घाणीत गवत वाढवून पाणी शुद्ध होतं, हे रसायनशास्त्राच्या माणसाला सांगायचं म्हणजे न्हाव्याला हातानं केस उपटायला सांगण्यासारखं. माझं खूळ वेगळं होतं. गावाचा कचरा कुजवून खत करायचं, त्याचे खड्डे पाणथळीच्या जागेवर घ्यायचे, डासही जातील, खतही मिळेल, आणि वस्तीला पुढंमागं नळ येईलच. कचरा म्हणजे सोनं आहे, असं मी म्हणायचो.

"सोनं हाय तर आमच्या दाराशी कशाला आणून टाकता?" तू म्हणायचास. "तुमच्या तिजोरीत ठिवा की."

"वस्तीला नळ येणार आहे, सुखदेव."

"नळ येईल तवा येईल. विहीर आल्ती आधीच."

कॉलेजच्या मागं मी नमुन्याचा खड्डा केला होता, आठवतं? वाऱ्याची दिशा बघायची राहून गेली. विद्यापीठाचे परीक्षक आले होते त्याच आठवड्यात. तोंडी परीक्षा कधी नव्हे इतक्या झटपट उरकल्या. मुलं माझ्यावर खूष होती. तू खड्ड्यापाशी येऊन, नाकाला रुमाल लावून, शांतपणे म्हणालास, "खत चांगलं होऊन राह्यलं. जागा चुकली." ते खड्ड्याबद्दल नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

मग नगरपालिकेत ठराव आला. नवीन जालन्याकडं व्यापार वाढतोय, जागा हवी, पाणथळ भरून काढायची, भरायला गावाचा कचरा आहेच, एका कामात दोन कामं. आपली पाहणी तोवर बऱ्यापैकी झाली होती. तुझे आकडे पक्के होते आणि माझे आकडे मला न पटणारी गोष्टच सांगत होते. विहिरीचं पाणी खरंच बरं होतं. मी ते मान्य केलं. अगदी तोंडानं म्हणालो नाही, पण कागदावर मांडून दिलं. बैठकीत कुणी बोलायचं, असा प्रश्न आला. मी म्हणालो, तू बोल, तुझं काम आहे, तुझी विहीर आहे.

"म्हणून तर तू बोल," तू म्हणालास. "मी बोललो तर म्हणतील, वस्तीचं रडगाणं. तू बोललास तर म्हणतील, संशोधन. तुझं आडनाव ऐकून घेतेत ते."

त्यावर मी काय बोललो? काही विनोद केला असणार. मला आठवत नाही, म्हणजे नक्कीच विनोद केला असणार.

बैठकीत मी चांगला बोलत होतो, सुखदेव. खरंच. नाल्याच्या तोंडाशी काय, पाणकणसाच्या मध्यावर काय, विहिरीत काय. पण एक सभासद पेंगायला लागले, दुसऱ्यांनी पानाचा डबा काढला, आणि अध्यक्षांची नजर घड्याळाकडं गेली. समोरचा माणूस पेंगायला लागला की मला राहवत नाही. माझ्यातला जो कोण नकलाकार आहे तो ताबडतोब उठून उभा राहतो. मला वाटलं, एकदा यांना हसवू, जागे होतील, मग पुढचं ऐकतील. आणि मी आईची गोष्ट सांगितली. बाटल्या, फडकं, गुडघे दुखत असूनही तलावापर्यंत गेलेली आई, आवाजासकट. अशी रंगली की बाहेरचे शिपाई दारात येऊन उभे राहिले. अध्यक्ष टेबलावर हात आपटत होते. पेंगणारे सभासद पूर्ण जागे झाले.

जागे झाले आणि म्हणाले, "वा सर, वा! आता फक्त एवढंच सांगा, हे आज जे आकडे दिले तुम्ही, ते आईसाहेबांनी गाळून दिलेले, का न गाळता?"

त्या हशात ठराव मंजूर झाला. मी पुढं काय काय सांगत होतो, ते कुणालाच ऐकू गेलं नाही. रस्त्याकडची अर्धी पाणथळ आत्ता भरायची, उरलेल्या अर्ध्याचं पुढं बघू.

मी तुझ्याकडं बघितलं. तू मागच्या बाकावर होतास, आणि तू हसत होतास. सगळ्यांबरोबर, मोकळेपणानं. मला इतका धीर आला त्या हसण्याचा! म्हटलं, याला लागलं नाही. बाहेर आल्यावर तू पेरू घेतलेस, एक मला दिलास, मीठ लावून. "रस्त्याची बाजू गेली. आतली बाजू हाय अजून," एवढंच म्हणालास. मग आपण काय केलं? घरापर्यंत खताच्या खड्ड्यांवरून भांडलो. इतक्या जोरात की एका टांगेवाल्यानं थांबून विचारलं, काय झालं सायेब. ज्यावरून भांडायला हवं होतं ते सोडून आपण बाकी सगळ्यावरून भांडलो. त्यानंतरही तसंच. तू हसलास ते खरं होतं का, हे मी तुला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तू खरं सांगितलं असतंस, म्हणूनच विचारलं नाही.

गाड्या आल्या, अर्धी पाणथळ गेली. त्या हिवाळ्यात शेकाट्या कचऱ्याच्या ढिगाच्या कडेला लांब पाय टाकत फिरत होत्या, जणू घर विसरलेल्या पाहुण्या. विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. तू वस्तीतली माणसं गोळा केलीस, नाल्याला मातीचा बांध घालून त्याचं तोंड उरलेल्या पाणकणसाकडं वळवलंस. मलाही बोलावलंस. मी पांढऱ्या पँटमध्ये आलो, हे तूच पुढं सगळ्यांना सांगायचास. बांधाच्या पहिल्याच टोकावरून मी थेट नाल्यात. वस्तीतल्या म्हाताऱ्या एकमेकींना धरून हसत होत्या आणि तू हात देत म्हणत होतास, "काढा याला, रसायनशास्त्र भिजून राह्यलं!" त्या दिवशी मला किती आनंद झाला होता. मी पडलो आणि काम थांबलं नाही. बांध पुरा झाला.

आता त्या उरलेल्या अर्ध्याची बैठक आहे.

महिन्याभरापूर्वी तू माझ्या प्रयोगशाळेत आलास, दार लोटून घेतलंस. म्हणालास, "या बारीला मी बोलतो."

मी म्हणालो, "का? मागच्या वेळेला तर म्हणाला होतास, तुझं ऐकतात."

"ऐकतेत," तू म्हणालास. "लई ऐकतेत."

मला ते लागलं. मला वाटलं, याला आता माझी गरज उरली नाही, मोठा झाला. मी फुगलो. आठवडाभर तुझ्याशी नुसतं कामापुरतं बोललो, आणि मधल्या भिंतीशी, तुला कळावं म्हणून, अमोनियाची बाटली जरा जास्तच उघडी ठेवली. हा माझा रुसवा, वयाच्या या टप्प्यावर. तू पलीकडून ओरडलास, "बेडूक मेले रे!" आणि मी हसलो नाही. हसायला हवं होतं. निदान तेव्हा तरी.

काल तुझ्या घरी पुण्यानुमोदनाला गेलो. बुद्धवंदना झाली, लोक पांगले. कमलवहिनी माझ्यासमोर बसल्या. विहिरीच्या पाण्याचं विचारलं. मी सांगितलं, बांध घातल्यापासून पाणी सुधारलंय, मी पुन्हा पुन्हा तपासलं, माझा लौकिक बघता पुन्हा तपासणं भाग होतं. तुमचा नवरा बरोबर होता आणि मी चूक होतो. त्यांनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत होतं, पाणी त्याच भरतात.

मग मी म्हणालो, "वहिनी, परवा बैठक आहे. त्याच्याऐवजी मला बोलावं लागणार."

 मग म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या आईची ती गोष्ट हाय ना, जीव सोडून आल्याची. ती त्यांना लई आवडायची. पाव्हणे आले की सांगायचे. मला तर पाठ झाल्ती. सांगताना दर बारीला नव्यानं हसायचे."

मी हसलो. मला बरं वाटलं. आणि त्या पुढं बोलल्या, आवाज न चढवता, पोळीचं पीठ कसं मळायचं ते सांगावं तशा.

"त्या दिशी बैठकीतून आले, तवा जेवले न्हाईत. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणले, गोष्ट चांगली हाय. तिथं सांगायची न्हव्हती. एवढंच. पुन्हा कधी बोलले न्हाईत."

म्हणजे ते हसू तू माझ्यासाठी हसला होतास. भरल्या सभेत तुझी विहीर हातची जात होती, आणि तू मागच्या बाकावर बसून मला एकटं पडू देत नव्हतास.

वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "परवा बोला तुम्ही. चांगलं बोला. फक्त हसवू नका."

मी हो म्हणालो. कालपासून तयारी करून राहिलो आहे. आकडे पाठ आहेत, बांध कुठं, पाणकणीस कुठं, विहीर कुठं, सगळं क्रमानं मांडलंय. आज सकाळी आईसमोर बोलून बघितलं. पाचव्या वाक्याला ती पेंगली, आणि माझ्या जिभेवर आपोआप एक किस्सा येऊन बसला. मी तो गिळला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा आला.

सुखदेव, लोक कंटाळले तरी बोलत कसं राहायचं? तू बांधावर दिवसदिवस उभा राहायचास, कुणी बघो न बघो. उद्या अकराला बैठक आहे, आणि मला अजून ते येत नाही.